कावेरीचा पान्हा आणि गाडीचा मागचा ॲक्सल

उचगावच्या रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. तिथं वाकडी चालणारी गाडी सरळ करून मिळते. पंक्चर आम्ही काढत नाही, इंजिन उघडत नाही, ऑइल बदलत नाही. तरी रोज कुणीतरी येऊन हवा भरायला सांगतंच आणि आम्ही ती भरूनही देतो.

माझं नाव दस्तगीर शिकलगार. आमच्या घरात पूर्वी सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं काम चालायचं. मी चाकांकडं कसा वळलो ते सांगत बसलो तर या अंकाची पानं पुरायची नाहीत आणि वाचणाऱ्याच्या हाताला काही लागायचं नाही. आता कमरेनं वाकायला नकार दिलाय, म्हणून वर्कशॉप माझी मुलगी नसीमा बघते. तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलाय. कॉम्प्युटरवरची मशीन ती चालवते आणि माझा दोरी-ओळंबाही तिला येतो. दोघांचं उत्तर जुळलं तरच आम्ही पाना हातात घेतो.

अलाइनमेंट म्हटलं की लोकांना पुढची चाकं आठवतात, कारण फिरतात ती पुढची. ती थोडी आत-बाहेर करायला कंपनीनं सोय दिलेली असते. पिकअपला मागं मात्र एक सरळसोट, जाडजूड ॲक्सल असतो. दोन्ही टोकांना चाकं, आणि दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांना तो आवळून बांधलेला. या पट्ट्यांना आम्ही पाटे म्हणतो. मागच्या ॲक्सलला फिरवायची सोय नसते, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही. तो बोटभर जरी तिरका बसला, तरी गाडीचं तोंड एकीकडं आणि शेपूट एकीकडं होतं. ड्रायव्हर स्टेअरिंग जरा वळवून धरतो आणि गाडी रस्त्यानं सरळ जाते, पण खेकड्यासारखी. थोड्याच दिवसांत त्याच्या हाताला तसंच वळण पडतं. नेसरीकडचा एक भाजीवाला होता. त्याची अशी गाडी आम्ही सरळ करून दिली, तर तो तिसऱ्या दिवशी भांडायलाच आला. "पावणं, गाडी बिघडवून ठेवलीसा की माझी! आता वाकडी जातीया." त्याला पटवता पटवता माझा चहा गार झाला.

इराप्पा गवळ्याची पिकअप पहिल्यांदा नसीमानंच बघितली. ती दुपारी स्कूटरवरनं येत होती आणि पुढं ही गाडी चालली होती. घरात आल्या आल्या म्हणाली (आमच्याकडच्या बायका स्वतःला येतो-जातो असंच म्हणतात), "अब्बा, एका गाडीच्या मागं हुतो, तर मला तिची डावी बाजू पण दिसत हुती."

"वळत आसंल."

"सरळ रस्त्याला?"

दुसऱ्या दिवशी तीच गाडी आमच्या दारात उभी राहिली. मागून नेहमीपेक्षा बरीच खाली बसलेली, जणू जनावर बसायच्या बेतात आहे. इराप्पा उतरला. माझ्यापेक्षा थोडा लहान, डोक्याला मुंडासं, मिशा पांढऱ्या, अंगाला गोठ्याचा वास. आमची तोंडओळख होती. त्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरात म्हशी पाळणारे, घरात अजून कानडी बोलणारे. शहरातली जागा अपुरी पडायला लागली तसा तो गोठा घेऊन उचगावात आला. पण गिऱ्हाईक शहरातच राहिलं. संध्याकाळी गंगावेशीत दुधाचा कट्टा भरतो. तिथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि लोक पेले घेऊन शेजारी. समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा. पूर्वी इराप्पा म्हैस चालवत न्यायचा. आता हायवे ओलांडून चालवत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून पिकअप.

"दस्तगीरभाई," तो म्हणाला, "कावेरी पान्हा चोरायला लागलीया."

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं. "कावेरी कोण?"

"म्हस."

मग त्यानं सगळं सांगितलं. कावेरी त्याची सगळ्यात गुणाची म्हैस, तलवारीसारखी शिंगं पार खांद्यापर्यंत गेलेली. कट्ट्यावर लोक तिचं नाव घेऊन दूध मागतात. वयानं पोक्त झाली, आणि उन्हाळ्यात पिकअपच्या फळीवरनं चढताना तिचा पाय घसरला, गुडघ्यावर आपटली. तेव्हापासून उंच फळी बघितली की ती पाय रोवून उभी राहायची. घरी ओटा बांधता येतो, पण कट्ट्यावर भर रस्त्यात ओटा कुठला? म्हणून त्यानं एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं गाडी मागून खाली करून घेतली. आता कावेरी सहज चढते, सहज उतरते. फक्त कट्ट्यावर जाऊन दूध देत नाही.

"आणि घरी?"

"सकाळची धार घरी काढतो. बादली भरून देती. डाक्टर बघून गेलं. म्हणाले, म्हस ठणठणीत हाय."

"मग माझ्याकडं का आलाईस?"

"आमच्या मंडळीनं, गौराक्कानं एक दिवस तिला चालवत नेलती. मागच्या वाटंनं, उन्हातान्हाची. तवा कट्ट्यावर पान्हा सोडला की तिनं! म्हंजे गाडीतच कायतरी हाय."

हे ऐकून माझी कंबर दुखायची थांबली. इतक्या वर्षांत गाडी ओढते, गाडी थरथरते, टायर खाते अशा तक्रारी ऐकल्या. गाडीमुळं म्हैस आटते ही नवीन होती. पण त्याच्या बोलण्यात खोट निघत नव्हती. चालत नेली तर दूध, गाडीतनं नेली तर नाही. माझ्या मुलीनंही याच पद्धतीनं दोष शोधला असता.

मी त्याला तोंडावर सांगितलं, की गाडीची उंची अशी बदलणं मला पटत नाही आणि नियमातही बसत नाही. कंपनीनं ॲक्सल पाट्यांच्या खाली दिलेला असतो. याच्या गाडीत तो काढून पाट्यांच्या वर बांधला होता. तेवढ्यानं गाडी खाली येते खरी, पण वरची चासी आणि ॲक्सल यांच्यात जागा कमी राहते आणि बाकीचीही बरीच मापं हलतात. "परत वर करून घे," मी म्हणालो.

"आणि कावेरीला काय विमानानं नेऊ?"

नसीमा हसली. मग इराप्पा खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "व्यापारी बघून गेलाय. रविवारी न्यायला यील. कट्ट्यावर तिच्या कासेला हात लावून बसतो भाई, लोक पेला घिऊन उभी, आणि थेंब न्हाय. परवा एकजण म्हणाला, सुई टोच, आपोआप सोडंल. हे कानावर गेलं तर गौराक्का म्हणाली, सुई आणलीस तर मी गोठ्यात पाय ठेवणार न्हाय. आता सांगा."

गाडी आम्ही आत घेतली.

नसीमानं मशीन लावली. पडद्यावर मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला कललेली दिसली, म्हणजे अख्खा ॲक्सलच तिरका. मग मी दोरी काढली. चासीला कारखान्यातच पाडलेली भोकं असतात. तिथनं आणि ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासनं ओळंबा सोडायचा, जिथं टेकेल तिथं जमिनीवर खडूनं खूण करायची. मग गाडी ढकलून बाजूला काढायची. खाली फरशीवर गाडीची नुसती आकृती उरते. हे दृश्य मला अजून आवडतं. वर कितीही चिखल, गंज, रंग असू दे, खाली चार रेघांत गाडीचं खरं सगळं लिहिलेलं असतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. एक कर्ण लांब, एक आखूड. ॲक्सलचं डावं टोक अंगठ्याच्या जाडीएवढं पुढं होतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. ॲक्सल पाट्यांवर नीट बसावा म्हणून त्याच्या खाली दोन्ही बाजूंना लोखंडी बैठक जोडावी लागते. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं या बैठकीच्या भोकात बसतं आणि ॲक्सल जागेवर राहतो. फॅब्रिकेशनवाल्यानं डावीकडची बैठक जोडताना ती पुढं सरकली होती. आम्ही ती घासून काढली, उजवीकडच्या बैठकीसारखी बेतून पुन्हा जोडली. वेल्डिंगच्या उष्णतेनं ॲक्सलची नळी वाकू नये म्हणून जरा जोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा जरा जोडायचं, असा सगळा दिवस गेला. शेवटी दोरीचे दोन्ही कर्ण सारखे आले. मशीननंही होकार दिला. नसीमा गाडी फिरवून आली आणि म्हणाली, "एका बोटानं चालतीया."

मला फार बरं वाटलं. इराप्पाला मी म्हणालो, "आता पेले मोठे घिऊन जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी तो आणि गौराक्का दोघंही आले, आणि गाडीत मागं कावेरी. त्यांच्या चेहऱ्यावरनंच कळलं.

"गाडी झ्याक चालतीया भाई," इराप्पा म्हणाला. "वळणावर आता म्हस हेलपाटत न्हाय. पण दूध न्हाय."

मी गाडीखाली बॅटरी मारून बघितलं. सगळे नट घट्ट. मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि एक चक्कर मारली. काही नाही. स्वतः चालवून बघितली. काही नाही. शनिवार होता, व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार होता. मी उतरलो. इराप्पाचा चेहरा अगदी मोकळा झाला होता, म्हणजे त्यानं मनातनं म्हैस देऊन टाकली होती.

गौराक्का आतापर्यंत कावेरीजवळच उभी होती. काटक बाई, काष्ट्याचं लुगडं, पायात काही नाही. ती कावेरीच्या मानेवरनं हात फिरवत म्हणाली, "भाई, एक सांगू काय? तुम्ही फुडं बसून बघालाईसा. म्हस मागं असती."

नसीमानं माझ्याकडं बघितलं. मी नसीमाकडं बघितलं. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

"मी चढतो मागं," मी म्हणालो.

"मी बी येतो," गौराक्का म्हणाली. "तुम्हाला तिची बोली कळायची न्हाय."

इराप्पा चालवायला बसला. नसीमा त्याच्या शेजारी, काट्यावर नजर ठेवून. ठरलं असं, की मला काही जाणवलं की मी केबिनवर थाप मारायची आणि तिनं वेग लक्षात ठेवायचा. कावेरीचं डोकं पुढं, मी तिच्या डाव्या अंगाला दांडी धरून, गौराक्का उजव्या अंगाला. जनावराच्या इतक्या जवळ मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. तिच्या श्वासाची ऊब माझ्या दंडाला लागत होती. माझं तिच्याशी काय वाकडं आहे, अशा नजरेनं तिनं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

गावातनं निघालो तोवर ती निवांत रवंथ करत होती. हायवेच्या बाजूच्या रस्त्याला लागलो, इराप्पानं वेग धरला. मला वारा लागत होता, बाकी काही नाही. आणि रवंथ थांबला.

"आता बघा," गौराक्का म्हणाली.

कावेरीचे कान मागं गेले. तिनं मागचा एक पाय उचलून टेकला, मग दुसरा. शेपूट आत ओढून घेतली. पाठीवरची कातडी माशी बसल्यासारखी थरथरली, पण माशी नव्हती.

"मला काय जाणवंना," मी ओरडून सांगितलं.

गौराक्कानं माझ्या पायांकडं बघितलं. "चपला काढा की!"

माझ्या पायात टायरच्या तळाच्या जाड कोल्हापुरी होत्या. मी त्या काढल्या, अनवाणी पाय पत्र्यावर ठेवला, आणि तळव्यातनं झिणझिण्या वर चढल्या. बारीक, सारखी, दाताच्या डॉक्टरकडं जबड्यात होते तशी घरघर. मी केबिनवर थाप मारली. इराप्पानं वेग कमी केला आणि घरघर बंद. पुन्हा वाढवला, पुन्हा सुरू. गादीवर बसलेल्या माणसाला ती कळणं शक्य नव्हतं. चार खुरांवर सगळं वजन टाकून उभ्या असलेल्या जिवाला मात्र शहर येईपर्यंत पायाखाली तेच. ते सोसून ती उतरायची, आणि लगेच कुणीतरी कासेला हात घालून म्हणायचं, दे दूध.

आता मात्र मला घाई झाली. वेगाबरोबर येणारी आणि जाणारी घरघर म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचं काम. इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलकडं नेणारा एक लांब दांडा गाडीखाली फिरत असतो, प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना वळते सांधे असतात. पुढचा सांधा जेवढ्या कोनात वळलेला, तेवढाच मागचा वळलेला असला पाहिजे. मग एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. कोन वेगवेगळे झाले की दांडा एकाच फेऱ्यात किंचित भरभर आणि किंचित सावकाश फिरतो आणि थरथर सुरू होते. आम्ही वर्कशॉपात आलो, दोन्ही कोन मोजले. ॲक्सलचं तोंड, म्हणजे हा दांडा जिथं जोडतो ते, जिकडं बघायला हवं त्यापेक्षा वर बघत होतं. उजवीकडची बैठकही कललेलीच जोडली होती, आणि आम्ही डावी तिच्याचसारखी बेतली होती. ती बरोबर असणार असं धरून चाललो, तपासली नाही.

उपाय सोपा, पाचरीचा. बैठक आणि पाटे यांच्यामध्ये उतरती पोलादी पाचर घातली की ॲक्सलचं तोंड खाली येतं. नसीमानं माप कागदावर काढलं आणि स्कूटरला किक मारून उद्यमनगरात गेली. तिथल्या लेथवाल्यानं हातातलं काम बाजूला ठेवून पाचरी करून दिल्या. तोवर कावेरी आमच्या दारातल्या लिंबाखाली उभी होती. अलाइनमेंटला आलेली दोन गिऱ्हाइकं तिच्याकडं आणि माझ्याकडं बघून परत गेली.

पहिल्या पाचरीनं घरघर गेली नाही, नुसती कमी झाली. नसीमानं पुन्हा मोजलं, पाचर जराशी जाड हवी होती. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या प्रहरी आम्ही गाडी काढली. या वेळी मी वर्कशॉपातनंच अनवाणी निघालो. हायवेचा रस्ता आला, वेग वाढला. मी पत्र्यावर पाय दाबून उभा होतो. काही नाही. आणखी वेग. काही नाही. कावेरी रवंथ करत होती. गौराक्कानं माझ्याकडं बघून फक्त मान हलवली. तशीच गाडी कट्ट्यावर नेली.

कट्ट्यावरच्या लोकांना कावेरीची कथा ठाऊक झाली होती. तिला बघून दोघं-तिघं मुद्दाम शेजारच्या म्हशीकडं सरकले. इराप्पानं ते बघितलं. त्यानं फळी लावली, कावेरी उतरली. तो खाली बसला, कासेवर पाणी मारलं, सडांवरनं हात फिरवायला लागला. थेंब आला नाही. तो फिरवत राहिला. मागनं रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी मोबाइलवर बोलत होतं. माझे पाय डांबरावर पोळत होते. चपला गाडीतही नव्हत्या.

"राहू दे गौरा," इराप्पा खालनंच म्हणाला. "लई झालं."

"थांब जरा," ती म्हणाली. तिनं कावेरीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि कानडीत काहीतरी बोलली. मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

कावेरीनं एक लांब श्वास सोडला. इराप्पाचा हात थांबला. त्यानं चमकून वर बघितलं आणि चरवी पुढं ओढली. पहिली धार पितळेवर वाजली. मग दुसरी. मग आवाज बुजत गेला, कारण आत फेस चढला होता. इराप्पानं डोकं तिच्या कुशीला टेकवलं होतं आणि खांदे हलत होते. धार काढताना हलतात तसे, का वेगळे, ते मी बघायला गेलो नाही.

सरकलेली माणसं परत आली. रविवारी व्यापाऱ्याला गौराक्कानं चहा पाजला आणि रिकामा पाठवला.

जनावर बिचकलेलं असलं की पान्हा अडतो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण तिला नक्की काय खुपलं, घरघर की आधीचा तिरकेपणा की दोन्ही, की खाली झालेल्या गाडीची सवय व्हायलाच तिला तेवढा वेळ लागला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मशीनला विचारता येतं, दोरीला विचारता येतं. हिला कसं विचारणार? एक मात्र बदललं. थरथरीची तक्रार आली की नसीमा आता पुढं बसत नाही. चपला काढते आणि मागं चढते. लोकांना गंमत वाटते.

गंगावेशीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. गवळ्यांच्या पिकअपांची आमच्याकडं रांग लागली. खरोखर वाकड्या होत्या त्या सरळ केल्या, नव्हत्या त्यांना तसं सांगितलं. एकाला म्हणालो, "बाबा, गाडी उत्तम हाय, म्हशीला डाक्टर दाखव," तर तो रुसला. मी त्याच्याशी दुजाभाव करतोय असं त्याला वाटलं.

मग परवा सकाळी मी शटर वर करतोय, तर दारात एक म्हातारा उभा. वारणेकडचा, पार तिकडनं आलेला. हातात कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक भलीथोरली म्हैस.

"अलाइनमेंटवालं शिकलगार हितंच काय?"

"व्हय. गाडी कुठाय?"

"गाडी कुठली? टेम्पोवाला सोडून गेला. म्हसच आणलीया. दूध देत न्हाय."

आतनं नसीमाचं हसू ऐकू आलं. मी म्हाताऱ्याला बसायला खुर्ची दिली, हात पुसले, आणि काय करावं ते सुचेना म्हणून आधी म्हशीचे मागचे पाय बघितले.